पब्लिक इंटरेस्ट लॉमध्ये पहिली नोकरी बघताय? मग विषयाआधी हे बघा

लॉच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटली की प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. पब्लिक इंटरेस्ट लॉमध्येच, म्हणजे गरीब आणि वंचितांच्या हक्कांसाठीच्या वकिलीतच काम करायचंय, पण पर्यावरण घेऊ, महिलांचे हक्क घेऊ की कैद्यांचं काम घेऊ? प्रश्न मनापासूनचा असतो आणि असं विचारणारी मुलं मला फार आवडतात, पण मी त्यांना सांगते की विषय जरा बाजूला ठेवा, आधी हे शोधा की तिथे गेल्यावर रोज सकाळी तुमच्या हातात काय काम येणार आहे. अशिलाशी बोलणार, कोर्टात उभं राहणार, का दिवसभर रिसर्च करून धोरणावरचा रिपोर्ट लिहिणार? गरज तिन्हीची आहे, पण तिन्हीचा दिवस इतका वेगळा असतो की एकात रमणारा माणूस दुसऱ्यात कोमेजून जातो, भले विषय त्याच्या आवडीचा असो.

कॉलेजात आपल्याला मोठे निकाल शिकवतात म्हणून आपल्या डोक्यात पब्लिक इंटरेस्ट म्हणजे सुप्रीम कोर्ट असं बसलेलं असतं. गिडियनची केसच घ्या. अमेरिकेत फ्लोरिडामधला हा गरीब माणूस, घरफोडीचा आरोप, वकील द्या म्हणाला तर कोर्टाने नाही म्हटलं, मग स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि ५ वर्षांची शिक्षा लागली. तुरुंगातून त्याने पेन्सिलने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला आणि १९६३ मध्ये निकाल आला की गंभीर गुन्ह्यात आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारने तो दिलाच पाहिजे. वर्गात गोष्ट इथे संपते. पण त्या निकालाने गिडियन सुटला नव्हता! खटला त्याच गावात परत चालला, यावेळी त्याच्या बाजूने फ्रेड टर्नर नावाचे स्थानिक वकील होते, त्यांनी मुख्य साक्षीदाराची कसून उलटतपासणी केली, आणि मग ज्युरीने गिडियनला निर्दोष ठरवलं. म्हणजे हक्क सुप्रीम कोर्टात मिळाला पण माणूस सुटला तो खालच्या कोर्टात, केसचा नीट अभ्यास करून आलेल्या वकिलामुळे. मला विचाराल तर नवीन वकिलाने पहिली काही वर्षं टर्नर यांचं काम शिकावं.

आपल्याकडचं हुसैनआरा खातून प्रकरण पण तसंच. १९७९ चं, बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, त्यातले काही तर गुन्हा सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्यापेक्षा जास्त काळ आत होते. पेपरमधल्या लेखांवरून कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली आणि लवकर खटला चालणं हा मूलभूत हक्क आहे हे कोर्टाने मान्य केलं. पण असा आदेश कागदावरून कोठडीपर्यंत न्यायचा तर कुणीतरी एकेका कैद्याशी बोलून, आरोप काय, अटक कधीची, जामीन झालाय का, झाला असेल तर जामीनदार मिळाला का, हे सगळं विचारून अर्ज करावेच लागतात. हे काम बातमीत येत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही ड्राफ्ट केलेल्या अर्जावर एक माणूस घरी जातो त्या दिवशी आपण वकील का झालो हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, आणि ही भावना पहिल्या वर्षात येऊ शकते, त्यासाठी नाव मोठं व्हावं लागत नाही.

दुसरी गोष्ट सीनियर. माझ्या मते ही पगारापेक्षा आणि संस्थेच्या नावापेक्षाही मोठी. तुमचा ड्राफ्ट लाल करून परत देणारा, का बदललं ते सांगणारा आणि तुमची तयारी झाली की स्वतः मागे बसून तुम्हाला उभं करणारा सीनियर मिळाला तर बाकी बऱ्याच गोष्टी सहन होतात. अमेरिकेतले नागरी हक्कांचे मोठे वकील थरगुड मार्शल यांना चार्ल्स ह्यूस्टन मिळाले होते, आधी शिक्षक म्हणून आणि मग केसमध्ये सोबती म्हणून. १९३३ मध्ये मार्शल पदवी घेऊन बाहेर पडले, दोन-तीन वर्षांत दोघांनी मिळून मेरीलँडच्या लॉ स्कूलमध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला, आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउनचा निकाल आला १९५४ मध्ये. मधली सगळी वर्षं एकेक केस, एकेक कोर्ट. या क्षेत्रात वेळ असा लागतो, त्यामुळे शिकवणारं माणूस जवळ असणं खूप महत्त्वाचं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं कारण याच ठिकाणी चांगली मुलं गळतात. पगार कमी असतो, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर ताण असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फेलोशिप, म्हणजे ठरावीक मुदतीची मानधनावरची जागा, घेताना ती संपल्यावर पुढे काय हे आधीच विचारा. काही वर्षं खाजगी प्रॅक्टिस करून मग इकडे आलेले वकील मी पाहिलेत, कोर्टाची सवय झालेली असते त्यांना, ते उत्तम काम करतात, त्यामुळे पहिली नोकरी इथे मिळाली नाही म्हणून दार बंद झालं असं समजू नका.

आणि मनावर येणारा भार. रोज अत्याचाराच्या, बेघर होण्याच्या, मुलं दुरावल्याच्या गोष्टी ऐकायच्या आणि मग त्याच तारखांच्या क्रमाने अफिडेव्हिटमध्ये लिहायच्या, हे अंगावर येतंच. झोप उडते, चिडचिड होते, किंवा उलट काहीच वाटेनासं होतं. मन घट्ट करा वगैरे सल्ले देणाऱ्यांचं ऐकू नका, ज्या ऑफिसात याबद्दल उघड बोलता येतं आणि एका वकिलाकडे किती केसेस द्यायच्या याला काही मर्यादा आहे तिथे जा.

म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की तुम्हीही विचारा. पहिल्या सहा महिन्यांत मला स्वतःच्या केसेस मिळतील का, माझे ड्राफ्ट कोण तपासणार, कोर्टात कधी उभं राहता येईल, एका वेळी किती फाइल्स असतात? आणि शक्य असेल तर गेल्या वर्षी ती जागा सोडून गेलेल्या ज्युनियरला गाठून बोला, का सोडली ते विचारा, तिथून जे कळतं ते इंटरव्ह्यूमध्ये कधीच कळत नाही.