बाई, तुम्हीच सांगितलंत ना!

आठवीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होते. गणित साधं होतं, ३क्ष − ७ = ५. एका मुलीने ३क्ष = १२ पर्यंत सुरेख आणलं आणि खाली लिहिलं, क्ष = −४. मी फुली मारली. पुढे तीच चूक आणखी आठ पेपरांत निघाली.

दुसऱ्या दिवशी तिला फळ्याशी बोलावलं. "हे उणे कुठून आलं गं?"

"बाई, तुम्हीच सांगितलंत ना, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. तीन पलीकडे गेला, म्हणून उणे तीन."

पोरीने माझं वाक्य शब्दशः पाळलं होतं. इतकी वर्षं तेच घोकून घेत आले मी! भास्कराचार्य ‘बीजगणितात’ दोन्ही पक्ष तुल्य, म्हणजे बाजू समान, करायला वजा करणं, मिळवणं, गुणणं, भागणं सांगतात. त्यात पलीकडे उडी मारणं कुठेच नाही.

मी फळा पुसला. "समीकरण म्हणजे समतोल तराजू. एका बाजूला जे कराल, तेच दुसऱ्या बाजूलाही." ३क्ष − ७ + ७ = ५ + ७ असं पूर्ण लिहिलं, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागलं. −४ चा ताळाही करून घेतला. उत्तर आलं −१९. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तराजू एका बाजूला झुकलेला असेल तर?" पाठ्यक्रमात नव्हतं, पण असा प्रश्न सोडून देतं का कुणी? −२क्ष < ६ लिहिलं. दोन्हीकडे −२ ने भागून सगळ्यांनी क्ष < −३ सांगितलं. "शून्य घालून बघा." ० < ६ खरं, पण ० काही −३ पेक्षा लहान नाही.

मग सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. खडूने लांब संख्यारेषा आखली. एक मुलगा २ वर, एक मुलगी ५ वर. "आता दोघं −१ ने गुणा." दोघं शून्य ओलांडून पलीकडे गेली. मुलगी चालत −५ पर्यंत पोचली, मुलगा −२ वरच थांबला. आधी ती त्याच्या उजवीकडे होती, आता डावीकडे.

"चिन्हच उलटं झालं!" कुणीतरी ओरडलं. क्ष > −३.

वर्गात परतल्यावर त्या मुलीचा पेपर मी मागून घेतला आणि माझी फुली खोडली. शेजारी तिने स्वतः लिहिलं: ताळा, ३ × ४ − ७ = ५.