खाटेखाली बॅग, कोनाड्यात बॅटरी

गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि विमानतळावरचं लांबलचक चालणं मला जड जाऊ लागलं. म्हणून मुलाने बसून चालवायची इलेक्ट्रिक बॅग घेऊन दिली. ऑक्टोबरात हैदराबादहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरले तेव्हा तिच्यावर बसून मी थेट टॅक्सीपर्यंत गेले, गुडघा एकदाही कुरकुरला नाही. खरी अडचण मालवणच्या लॉजवर सुरू झाली.

खोली जेमतेम दहा बाय दहा. डबल बेड, लाकडी कपाट, एक खुर्ची, आणि दार आत उघडणारं. प्लग पॉइंट एकच, तोही दाराशेजारी. मी बॅग तिथेच उभी केली आणि चार्जिंगला लावली. पाण्याचा तांब्या ठेवायला मालकीणबाई आल्या, तर दार अर्धंच उघडलं.

"दारात कशाक ठेवलंस गे बाय? रात्री लाईट गेली तर पाय अडाकतलो."

त्यांच्या मनात पाय अडकणं होतं, मला मात्र दुसरंच लख्ख दिसलं. खोलीतून बाहेर पडायची वाट एकच, आणि नेमकी तीच मी लिथियमच्या बॅटरीने अडवली होती. ही बॅटरी सहसा पेटत नाही, पण पेटली तर बघता बघता भडकते आणि धूर विषारी असतो. मी लगेच चार्जर काढला.

मग बॅटरी बाहेर काढली, आणि तिथून सगळं सोपं होत गेलं. माझ्या बॅगेची बॅटरी वरच्या खाचेतून सरकून निघते. ती निघाली की उरते ती चाकांची साधी पेटी, आणि पेटी कुठेही राहते. खाटेखालची उंची वितीने मोजली: दीड वीत. बॅग आडवी केल्यावर सव्वा वीत भरली. हँडल आत ढकललं, स्विच बंद आहे ना ते दोनदा बघितलं आणि बॅग आत सारली. रोज सकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसतात, म्हणून मालकीणबाईंकडून दोन पाट मागून घेतले आणि बॅग त्यांवर ठेवली. मोटर चाकातच असते, तिथे ओल मुरायला नको.

बॅटरीला जागा मिळाली भिंतीतल्या कोनाड्यात. ऊन येत नाही, वर-खाली काही पेटणारं नाही, शिवाय नजरेसमोर. तिच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे किल्ली किंवा नाणं लागून शॉर्ट व्हायला नको. चार दिवस बॅग लागणारच नव्हती, त्यामुळे बॅटरी निम्मीच भरलेली ठेवली. पूर्ण भरून ठेवलेली किंवा पार रिकामी, दोन्ही तऱ्हांनी ती लवकर म्हातारी होते.

परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता. संध्याकाळी विजा चमकायच्या, लाईट जायची, यायची, परत जायची. तेवढा वेळ चार्जर भिंतीतून काढूनच ठेवायचा हे मी ठरवून टाकलं. चार्जिंग करायचं ते सकाळी, मी जागी असताना, उघड्या फरशीवर. गादीवर किंवा उशीखाली अजिबात नाही.

तिथून तारकर्लीला गेले. इथली खोली त्याहून लहान, खाटेखाली घरातले पिंप. बॅग बाहेर पडवीत ठेवू का, असं विचारलं, तर घरमालक दादांनी थांबवलं. त्यांची होडी आहे, इंजिनाची निगा ते स्वतः राखतात.

"नको. खारो वारो लोखाण खाता."

ते खरंच होतं. दोनच दिवसांत बॅगेतल्या चार्जिंगच्या पिनांवर मळकट थर आला होता. कोरड्या सुती फडक्याने पुसला. दादांनी कपाटाची खालची फळी काढून दिली आणि बॅग तिथे उभी राहिली. आत कपडे तसेच, वर जुनी चादर, बॅटरीच्या खाचेत औषधाच्या डबीतली ओल शोषणारी पुडी. वाळूत तर ती बॅग मी नेलीच नाही. अंगणापासून खोलीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्या होत्या, तिथे दादांनीच उचलून दिली.

निघायच्या सकाळी बॅटरी पूर्ण भरली आणि पेटीऐवजी खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. जानेवारी २०१८ पासून बऱ्याच विमान कंपन्या बॅटरी न निघणारी अशी बॅग घेत नाहीत. निघणारी असली तरी बॅग सामानात देताना बॅटरी काढून आपल्याबरोबर केबिनमध्ये न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं हे माप, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) सहसा वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढे १६० पर्यंत कंपनीला विचारावं लागतं. माझ्या बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास असं छापलंय, म्हणजे गुणाकार ७२ वॉट-तास.

मोपाच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, बॅटरी?" मी पिशवी उघडली, चिकटपट्टी लावलेली टोकं आणि छापलेला आकडा दाखवला. तिने वाचून मान हलवली आणि रिकामी बॅग पट्ट्यावर ठेवली.