बोटीवर चाललेल्या पोराला कुठलं इंग्रजी?

मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते म्हटलं, की पालक हमखास विचारतात, "मॅडम, आमचा कॉन्व्हेंटचा आहे, फाडफाड बोलतो. त्याला आणखी काय शिकवणार?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. फाडफाड न बोलायला शिकवते.

कॅप्टन भारतीय, सुकाणी फिलिपिनो, इंजिनरूममध्ये युक्रेनचा कोणी आणि व्हीएचएफ रेडिओवर बंदरातून बोलणारा चिनी, हे जहाजावर नेहमीचंच. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरीव वाक्यांचा एक संच मंजूर केला. आम्ही त्याला एसएमसीपी (स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस) म्हणतो. त्यातलं इंग्रजी मुद्दाम कापून-छाटून रुक्ष केलेलं आहे.

माझा कॅडेट गोड आवाजात विचारतो, "मे वी एंटर द फेअरवे, प्लीज?" फेअरवे म्हणजे जहाजांच्या ये-जा करण्याचा जलमार्ग. शाळेत याला शाबासकी मिळाली असती. पण ही परवानगी मागितली, की आत शिरणं शक्य आहे का ते विचारलं? खरखरत्या रेडिओवर समोरच्याने काय समजायचं? म्हणून आधी नुसतं "क्वेश्चन" म्हणायचं, मग "डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?" उत्तरातही नुसतं "येस" चालत नाही, पुढे अख्खं वाक्य हवं. घरी 'थँक्यू-प्लीज'चे संस्कार झालेल्या मुलांना हे फार उद्धट वाटतं. वाटू दे.

आकड्यांचंही तसंच. कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, १५० अंश असेल तर "वन-फाइव्ह-झीरो", "वन-फिफ्टी" नाही. सुकाणूचा कोन सांगताना मात्र १५ला "फिफ्टीन"च म्हणायचं. इथे भलेभले घसरतात.

"पोर्ट टेन", म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश, अशी ऑर्डर आली, की सुकाण्याने ती मोठ्याने परत म्हणायलाच हवी. याचा सराव मी दोघांना पाठीला पाठ लावून उभं करून घेते. चेहरा दिसेनासा झाला, की मान डोलावून भागत नाही! मराठी शाळेतली मुलं यात मागे पडत नाहीत, उलट ठरलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायला त्यांना कमीपणा वाटत नाही.

त्यांचं अडतं ते नोकरीच्या मुलाखतीत. तिथे अजून फाडफाडच खपतं. त्यामुळे शिकवणी संपत आली, की मी वर्गात तेही घेते. नाइलाज आहे.