कॅरिबू लॉग, वर्ष दुसरं: सगळा हिशोब वजनाचा

मागच्या नोंदीत मी, शिकारीचं मांस वाहायची प्रॅक्टिस म्हणून, पाठीवर ४० पौंडांचं सोना मसूरीचं पोतं बांधून बेसमेंटचा जिना चढ-उतर करत होतो आणि बायको वरून ओरडत होती, "अरे, फुटलं तर तूच वेचत बसणारेस." पोतं वाचलं, गुडघे पण वाचले, आणि ऑगस्टच्या शेवटी एकदाचे कॅरिबूच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाऊन आलो. एक बुल, म्हणजे नर, मिळाला. सगळं लिहितो, चुकांसकट.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी फेअरबँक्सला राहतो. अलास्कात सलग १२ महिने राहिलं की शिकारीपुरते तुम्ही इथले रहिवासी होता, लायसन्स स्वस्त पडतं. कॅरिबूसाठी डाल्टन हायवेनं उत्तरेला जायचं, त्याला इथे सगळे हॉल रोड म्हणतात, एकूण ४१४ मैल, बराचसा खडी आणि धूळ, आणि वाटेतलं कोल्डफूट गाव सोडलं की पुढे रस्त्याच्या टोकाला डेडहॉर्सपर्यंत २४० मैल पेट्रोल नाही. रस्त्याच्या कडेनं तेलाची पाइपलाइन जाते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ५-५ मैल रायफलनं शिकार करता येत नाही, तिथे फक्त धनुष्यबाण. म्हणजे रायफलवाल्यानं एकतर ५ मैल चालत जायचं आणि तेवढंच मांस पाठीवर घेऊन परत यायचं, नाहीतर छोट्या विमानानं पलीकडे उतरायचं. पहिल्या वर्षी मी चालून बघितलं होतं. त्यावर जास्त बोलत नाही.

तर यंदा विमान. ३३४ मैलांवर हॅपी व्हॅली नावाची धावपट्टी आहे, तिथून सुपर कबनं जायचं. सुपर कब म्हणजे पायलट आणि त्याच्या मागे एक माणूस, संपलं. फुग्यासारखी मोठ्ठी टायरं असतात, नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर पण उतरतं. सामान माणशी ५० पौंड, रायफल धरून. पायलटनं आल्याआल्या काट्यावर माझी बॅग लटकवली, ६१. मग तिथेच धुळीत बसून एकेक वस्तू बाहेर काढली. जादाची पॅन्ट गेली, घडीची खुर्ची गेली, दुसरा चाकू गेला, थालीपिठाची भाजणी अर्धी झाली (अर्धी का होईना, नेलीच). अस्वलाचा स्प्रे केबिनमध्ये चालत नाही, आत फुटला तर पायलटचे डोळे जातील, म्हणून त्यानं तो बाहेर पंखाच्या दांडीला टेपनं घट्ट बांधला. ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस शहाणा आहे.

आता त्या पहिल्या संध्याकाळचं. अलास्काचा नियम असा की ज्या दिवशी विमानातून उतरलात त्या दिवशी शिकार नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच. कारण उघड आहे, नाहीतर लोक वरून कळप हेरून त्याच्या पुढ्यातच उतरतील. नियम पटतो हो, पण आम्ही तंबू ठोकत होतो आणि सात-साडेसातला, उजेड भरपूर, पलीकडच्या उतारावरून १४ जनावरं खाली आली आणि आमच्यापासून दीडशे यार्डांवरून निवांत चरत गेली. माद्यांना पण शिंगं असतात, हरणांच्या अख्ख्या कुळात फक्त यांच्यातच, त्यामुळे नवख्याला आधी काही उमजत नाही. दोन मोठे बुल होते. एकाच्या शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची केसाळ कातडी, सोलून लालभडक चिंध्या लोंबत होत्या. आणि तो आवाज! वाचलं होतं पण खरं वाटलं नव्हतं, चालताना त्यांच्या पायातली शीर हाडावरून सरकते आणि टक-टक वाजतं, चौदा जनावरं म्हणजे कुणीतरी लांबवर बोटं मोडत बसल्यासारखं. माझा शिकारीतला जोडीदार इथलाच, वीस वर्षं शिकार करतोय, तो शांतपणे चहा ढवळत होता. मी रायफलीकडे बघायचं पण टाळलं.

दुसऱ्या दिवशी अर्थातच काही नाही. तिसऱ्या दिवशी धुकं, समोरची नदी पण दिसेना, दिवसभर तंबूत. भाजणी संपली.

चौथ्या दिवशी सकाळी दीड मैलावर दुर्बिणीत एक एकटा बुल दिसला, बसलेला. वळसा घालून वारा तोंडावर घेत गेलो, शेवटचं रांगत, २१० यार्ड. उन्हाळाभर बॅगेवर रायफल टेकवून झोपून मारायची प्रॅक्टिस केली होती ती इथे कामाला आली. थर्टी-ऑट-सिक्स रायफल, एकच गोळी, फुप्फुसातून. चाळीसेक पावलं गेला आणि खाली बसला. मी पण बसलो, हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

दोघांत मिळून एकच मारायचा हे आधीच ठरवलं होतं. हा सेंट्रल आर्क्टिक कळप २०१० मध्ये ७० हजारांच्या आसपास होता आणि २०१६ ला २३ हजारांच्या आत आला, पुढे थोडा सावरला. शिवाय दोन मारले असते तर वाहणार कोण.

कारण खरी गंमत इथून पुढे. मोठा बुल ३५० ते ४०० पौंडांचा. खाण्यासारखं सगळं मांस आणावंच लागतं, मान, बरगड्यांमधलं, सगळं, सोडलं तर गुन्हा. आणि शिंगं शेवटच्या खेपेलाच उचलायची, मांसाच्या आधी नाही. सोलून, मागच्या मांड्या, पुढचे फरे, पुठ्ठा, सगळं कापडी पिशव्यांत भरायला साडेतीन तास. पिशव्या कमी पडल्या, ही माझी चूक, उशीची खोळ वापरली. मग प्रत्येकी दोन खेपा. जमीन कशी आहे सांगतो: गवताचे गुडघ्याएवढे ठोंबे, डोकं जड आणि बूड बारीक, त्यावर पाय ठेवला की कलंडतात आणि मधे ठेवला की घोटाभर पाणी. पाठीवर ६५ पौंड. मैलाला एक तास. जिन्यावरची प्रॅक्टिस खांद्यांना उपयोगी पडली, घोट्यांना शून्य, कारण जिना हलत नाही ना. दुसऱ्या खेपेत दोनदा तोंडावर पडलो. जोडीदाराकडे चालायच्या काठ्या होत्या, माझ्या मी वजन वाचवायला हॅपी व्हॅलीलाच ठेवल्या होत्या.

ब्रुक्स रेंज या डोंगररांगेच्या उत्तरेला झाड नाही, मांस टांगणार कशाला? विलोच्या झुडपांच्या फांद्या तोडून माच केला, खालून वारा लागेल असा, वर ताडपत्री, तंबूपासून शंभर यार्ड लांब पण नजरेसमोर. रात्री थंडी होती म्हणून बरं. विमान एक दिवस उशिरा आलं, ढग खाली होते. आधी मांस गेलं, मग जोडीदार, शेवटी मी. दीड तास तिथे एकटा बसलो होतो, इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉलवर फ्रीजर दाखवला. "हरीणच ना रे ते? मग पोलीस धरत नाहीत का तिथे?" सांगलीत बसून १९७२ चा कायदा तिला बरोब्बर आठवतो. कायदा समजावला, मग म्हणाली, "कुकरला किती शिट्ट्या?" मांडीच्या तुकड्यांना पाच लागल्या. चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे सुक्क्याला तेल सढळ हातानं घाला, आणि पाठीचा लांब तुकडा मात्र कुकरला लावू नका, तव्यावर दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बास.

पुढच्या वर्षीची यादी: काठ्या, आठ पिशव्या, घोट्यांचा व्यायाम. मासे तोलायचा हुकाचा काटा कालच आणलाय, म्हणजे ६१ चा तमाशा परत नको. आणल्याआणल्या त्याला ते न फोडलेलं सोना मसूरीचं पोतं लटकवून बघितलं. ४० लिहिलंय, ३९ भरलं.