नागपूर ते बिरसी: एडीएस-बी असलेल्या सेसनातून

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून गोंदियाच्या बिरसी विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण ७४ नॉटिकल मैल. सेसना १७२ ला पाऊण तास पुरतो. मे महिन्यात सकाळी लवकर निघायचं, बिरसीला चहा घ्यायचा आणि ऊन तापायच्या आत परतायचं, एवढाच बेत. विमान ओळखीतल्या एका काकांचं, जी१००० एनएक्सआय या डिजिटल पडद्यांच्या पॅनेलचं. त्यातला ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून पाठवणारा डबा, नुसता बोलत नाही, ऐकतोही. म्हणून मला बिरसीपेक्षा त्या पडद्याचंच अप्रूप होतं: विदर्भाच्या आभाळात आपण कोणाला दिसतो, आणि आपल्याला कोण दिसतं?

दिसण्याचे प्रकार आधी वेगळे करून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. साधा ट्रान्सपाँडर विचारल्यावर उत्तर देतो. रडार किंवा दुसऱ्या विमानाचा टीकॅस (टक्कर टाळणारं यंत्र) १०३० मेगाहर्ट्झवर विचारतो, आपला डबा १०९० वर उत्तर देतो. एडीएस-बी आउट कोणी विचारायची वाट पाहत नाही. जीपीएसवरून काढलेली आपली जागा तो सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करत राहतो. हे दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं म्हणजे एडीएस-बी इन. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या विमानांत यातला पहिला, साधा ट्रान्सपाँडरच असतो.

कायदाही छोट्या विमानाच्या फार मागे लागलेला नाही. भारतात एडीएस-बीची सक्ती आहे ती फ्लाइट लेव्हल २९० आणि त्यावर, म्हणजे २९ हजार फुटांच्या पुढे. तिथे आपलं सेसना या जन्मी जायचं नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या हद्दीत छोट्या विमानांनाही ते लागतं. युरोपात ५,७०० किलोंहून जड किंवा २५० नॉटहून वेगवान विमानांना लागतं. ब्रिटनने छोट्यांसाठी खुशीचा मार्ग धरला आणि २०२० मध्ये उपकरणाच्या निम्म्या किमतीपर्यंत, कमाल २५० पौंड, सरकारी मदत दिली.

टीकॅसबाबत मात्र आपण जागे झालो, पण त्याची किंमत मोजून. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी बोइंग ७४७ आणि कझाक इल्यूशिन एकमेकांवर आदळले, ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारताने मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचा केला. नागपुरात उडणाऱ्याने यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंडिगोच्या एअरबसमधला टीकॅस तुमच्या सेसनाला चुकवण्यासाठी 'वर जा' किंवा 'खाली जा' असं तेव्हाच सांगू शकतो, जेव्हा तुमचा ट्रान्सपाँडर उंची पाठवतो. उंची नसेल तर तो फक्त इशारा देतो. डबा बंद असेल तर त्याच्या लेखी तुम्ही आकाशात नाहीच. नॉब 'ऑन'वर नको, 'आल्ट'वर हवा.

निघण्याआधी हँगरमध्ये इंजिनिअर साहेब टेस्टर घेऊन आले. विमानापासून थोडं दूर उभं राहून ते यंत्र ट्रान्सपाँडरला प्रश्न विचारतं आणि उत्तर पडद्यावर दाखवतं. आधी हेक्स कोड, म्हणजे त्या विमानाचा कायमचा ओळख-क्रमांक. भारतात नोंदलेल्या विमानाचा कोड ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होतो आणि तो नोंदणीच्या कागदांशी तंतोतंत जुळायला हवा. "दुरुस्तीत डबा बदलून आला की जुन्या विमानाचा कोड तसाच राहून जाते, भाऊ. मंग तुम्ही उडता अन् दिसते दुसराच," ते म्हणाले. मग फ्लाइट आयडी: भारतीय नोंदणीचं व्हीटी आणि त्यापुढची अक्षरं सलग, मध्ये आडवी रेघ नाही, मोकळी जागा नाही, फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलं तसंच. शेवटी उंची. टेस्टरवर तेराशे फुटांच्या आसपास आकडा आला. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार-साडेदहाशे फुटांवर, मग हे वरचे अडीचशे कुठून आले? ट्रान्सपाँडर उंची नेहमी १०१३ हेक्टोपास्कल धरून पाठवतो, आणि त्या सकाळी क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, १००४ होता. फरक तिथेच मिटला. तो हिशेब न करता आल्टिमीटर बिघडला म्हणून ओरडू नका.

फ्लाइट प्लॅनच्या १० व्या रकान्यात बरेच जण सवयीने 'सी' (उंची पाठवणारा साधा, मोड सीचा ट्रान्सपाँडर) लिहून मोकळे होतात. मोड एस (विमानाची स्वतंत्र ओळखही पाठवणारा प्रकार) आणि एडीएस-बी असेल तर तिथे 'ई' येतो. सोबत फक्त आउट असेल तर 'बी१', इनही असेल तर 'बी२'. १८ व्या रकान्यात 'कोड' लिहून पुढे हेक्स. उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी आणि हवाई संरक्षण परवानगीचा एडीसी हे दोन्ही नंबर हातात आल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. तर्री पोह्यांचाही मोह टाळा. मौद्यापुढे हवा उसळायला लागली की तर्रीतले चणे आपली आठवण करून देतात.

धावपट्टी एकच, त्यामुळे सकाळच्या मोठ्या विमानांमागे थांबणं आलंच. एअरबस उडाल्यावर मागच्या वावटळीसाठी छोट्या विमानाला दोन मिनिटं, आणि धावपट्टीच्या मधूनच उडत असाल तर तीन. शेजारी हवाई दलाचा तळ आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. लष्करी विमान पडद्यावर दिसेलच असंही धरू नका.

धावपट्टी ३२ वरून उडालो, उजवीकडे वळलो, ३,५०० फुटांवर गेलो. डावीकडे लांब कोराडीची धुरांडी, पुढे नाकासमोर मौद्याची. वैनगंगा आली तसे उन्हाळी धानाचे हिरवे चौकोन दिसू लागले. पडदा मात्र भरून गेला होता. नागपूर देशाच्या मध्यावर, दिल्लीहून दक्षिणेला आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारी विमानं डोक्यावरूनच जातात. काकांनी उंचीचा फिल्टर पूर्ण उघडा ठेवलेला, त्यामुळे एकेका चिन्हाशेजारी +३१५, +३३५ असे आकडे. म्हणजे आपल्यापेक्षा ३१-३३ हजार फूट वर. फिल्टर 'नॉर्मल'वर आणला. आपल्या वर-खाली साधारण २,७०० फुटांतलंच उरलं, आणि पडदा रिकामा झाला.

मग तुमसरच्या दक्षिणेला, नदी ओलांडून थोडं पुढे, काका एकदम म्हणाले, "डावीकडे बघ, आपल्याच उंचीला." पांढरं, खालच्या पंखांचं छोटं विमान डावीकडून उजवीकडे चाललं होतं. तीनेक किलोमीटर असावं. पडद्यावर तिथे काहीच नाही. मी रेंज कमी करून पाहिली, फिल्टर उघडून पाहिला. वीस मैलांवरची, सहा मैल उंचीवरची एअरबस परत आली, पण डोळ्यांसमोरचं ते विमान आलं नाही. त्यात बिघाड असेलच असं नाही. जुना मोड सीचा डबा असला तरी आमचा रिसीव्हर त्याला ऐकू शकत नाही. असं विमान दाखवायला आपल्याकडे स्वतः प्रश्न विचारणारं यंत्र लागतं. काकांनी थोडी उंची सोडली, रेडिओवर जागा सांगितली, आणि ते विमान आमच्या पुढून निघून गेलं.

इथेच अमेरिकी व्हिडिओ बघून शिकलेल्यांची गल्लत होते. तिथली जमिनीवरची केंद्रं रडारला दिसलेली, एडीएस-बी नसलेली विमानंसुद्धा छोट्या विमानांच्या पडद्यावर पुरवतात. ९७८ मेगाहर्ट्झचा वेगळा मार्ग आहे, त्यावर हवामानही फुकट मिळतं. आपल्याकडे ही सोय नाही. इथला रिकामा पडदा एवढंच सांगतो, की एडीएस-बीवर बोलणारं जवळ कोणी नाही.

तिरोड्याच्या वीज प्रकल्पाची धुरांडी आमच्या मार्गाच्या जवळजवळ रेषेतच होती. तिथून बिरसीचा रेडिओ लक्ष देऊन ऐका. बिरसी हे प्रशिक्षणाचं विमानतळ, धावपट्टीभोवतीच्या सर्किटमध्ये शिकाऊ वैमानिक एकामागोमाग असतात. पडद्यावर चिन्हांची गर्दी झाली की नजर तिथे चिकटते, आणि नेमकी इथेच ती बाहेर हवी. आम्ही वाटून घेतलं: उडवणारा बाहेर बघेल, शेजारचा पडद्यावरून फक्त घड्याळाची दिशा आणि उंची सांगेल. "दोन वाजता, पाचशे वर." बास. एकटे असाल तर वळणाआधी एकदा बघा आणि विसरा. घारींना ट्रान्सपाँडर नसतो, हे वेगळं सांगायला नको.

लंडनहून येणाऱ्या पाहुण्याकडून काचेला चिकटवायचं स्कायएको हे एडीएस-बीचं छोटं यंत्र मागवायचा विचार अनेकांच्या डोक्यात असतो. तिथे ते चालतं, कारण ब्रिटनने त्यासाठी सीएपी १३९१ हा वेगळा नियम केला. इथे १०९० वर काहीही प्रसारित करायचं म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा परवाना आणि विमानावर बसवायची डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मंजुरी, दोन्ही आलं. शिवाय त्याची ताकद २० वॉट, आणि पोटाखाली बसवलेल्या अँटेनाची सर कॉकपिटमधल्या डबीला येत नाही; वळताना पंख आणि माणसं आड येतात. तोच पैसा मान्यताप्राप्त ट्रान्सपाँडरमध्ये घाला.

जीपीएस गंडलं की एडीएस-बी चुकीची जागाही तितक्याच ठामपणे सांगतो. जीपीएसमधल्या ढवळाढवळीबद्दल डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली, ती वाचून ठेवा.

घरच्यांना एक गोष्ट निघण्याआधीच सांगा. ते नकाशावर विमानं दाखवणारं फ्लाइटरडार ॲप उघडून बसतात. कमी उंचीवरचं विमान जवळपास रिसीव्हर नसला की नकाशावरून गायब होतं. आमचा ठिपका मौद्यापुढे नाहीसा झाला आणि काकूंचे फोन सुरू झाले. उतरल्यावर फोन करू, तोवर ॲप बंद, असं ठरवून निघा. इंधन नागपूरलाच जाण्यायेण्याचं भरून घ्या, आणि बिरसीहून साडेनऊच्या आत निघा. आम्ही ४,५०० फुटांवरून परतलो, तरी भंडाऱ्याच्या उत्तरेला विमान चांगलंच हलत होतं.