चारच वाक्यं

"सर, दुसऱ्यांच्या कार्यक्रमात तुम्ही अर्धा अर्धा तास बोलता. सख्ख्या भावाच्या वेळी चार वाक्यांत खाली कसे काय बसलात?"

गेल्या वर्षभरात हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी, पाहुण्यांनी, एकदा तर दाढी करता करता न्हाव्यानं. काहींच्या विचारण्यात काळजी असते. काहींना मात्र आमच्या दोघांत काहीतरी बिनसलं असणार, शेताचं नाहीतर प्लॉटचं, असा वास येतो. तसं काही नव्हतं. आमच्याकडं भांडणापुरतंसुद्धा शेत नाही. आजवर मी हसण्यावारी न्यायचो, पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगतो.

आधी एक कबूल करतो. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर होतो त्या, कार्यक्रमात बोलण्यात माझा हात बसलेला आहे. नांदेड, परभणी, हिंगोली, जिथं बोलावतील तिथं जातो. मंडपाबाहेर चहा पिता पिता कुणाकडून तरी तीन गोष्टी काढून घ्यायच्या: गाव कोणतं, नोकरी कुठं केली, लेकरं काय करतात. मग धम्मपदातली एक गाथा, किसा गोतमीची मोहरी आणि शेवटी बाबासाहेब. किसा गोतमी मेलेलं लेकरू कडेवर घेऊन बुद्धाकडं येते, बुद्ध तिला ज्या घरात कुणीच मेलेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आणायला सांगतात, ती गोष्ट. ती मी इतक्या ठिकाणी सांगितलीय की पहिलं वाक्य उच्चारलं की पुढचं तोंड आपोआप बोलतं. बायका पदर डोळ्यांना लावतात. गेलेला माणूस जितका कमी माहीत, तितकं भाषण चांगलं वठतं. हे मी अनुभवानं सांगतोय.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. लातूरला टँकर चालवायचा. उन्हाळ्यात टंचाईच्या गावांना सरकारी खेपा, एरवी बांधकामाला पाणी. गाडी बारा हजार लिटरची. टँकरच्या गावाला माणशी दिवसाला २० लिटर पाणी हा सरकारी हिशेब, तो त्याला तोंडपाठ. "एक खेप म्हंजे सहाशे माणसं," असं म्हणायचा. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचा हा भागाकार माझ्या वर्गातल्या पोरांना मी उदाहरण म्हणून द्यायचो. त्याला कळल्यावर तो चिडला होता. "माझं नाव सांगू नको, काका म्हण नुसतं."

२०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, ते तुम्हाला आठवत असेल. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर ही गर्दी, टीव्हीवाले, पुढारी. मी नांदेडहून फोन केला, म्हणलं दादा, आली का गाडी? तो म्हणाला, "आली की. आपल्या गाडीच्या बेचाळीस खेपा." आणि थोडं थांबून, "एवढ्यानं काय व्हतंय?"

पाणी सांडलेलं त्याला खपायचं नाही. लग्नकार्यात हात धुवायला तांब्या घेऊन कुणी उभं राहिलं तरी याचं लक्ष तिकडं. लहानपणी मी त्यापायी लई बोलणी खाल्लीत, दोनदा मारही. टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप, भरायला त्यानंच मला शिकवलं. पाइप सोडला की आधी ढबढब असा जाड आवाज येतो. पाणी वर चढत जाईल तसा तो बारीक होत जातो, आणि काठाला चार बोटं राहिली की शिट्टीसारखा होतो. "बघत काय बसलास, कान ठेव." गावातल्या बायकांशी गप्पा मारत, टिपाडाकडं पाठ करून उभा असायचा, आणि बरोबर वेळेवर कॉक बंद करायचा. थेंब सांडायचा नाही.

गेला छातीत कळ येऊन. दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही. त्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही.

आमच्यात पिंडदान, तेरावा नसतो. जलदान विधी असतो आणि त्याला धरून पुण्यानुमोदन. रविवार बघून ठेवला होता. गल्लीत मंडप, टेबलावर पांढरी चादर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, बाजूला दादाचा फोटो. लायसनसाठी काढलेला फोटो मोठा केलेला, त्यात तो फोटोग्राफरवर डोळे वटारून बघतोय. त्रिशरण-पंचशील झालं. मग घरच्यांनी पुढं बसायचं. मधे एक ताट, ताटात वाटी. हातात पाण्याचा तांब्या, आणि घरातल्या बाकीच्यांनी एकमेकांच्या खांद्याला, हाताला हात लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून तांब्या एकच होतो. भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, गाथा म्हणतात आणि आपण बारीक धारेनं वाटीत पाणी सोडत राहायचं. यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं. भरून वाहणाऱ्या नद्या सागर भरतात, तसं इथं दिलेलं गेलेल्यांपर्यंत पोचतं, असा त्याचा अर्थ. वाटी भरली तरी थांबायचं नाही. ती भरून ओसंडायला हवी, ताटात पडायला हवी. देणं भरून वाहिलं पाहिजे, म्हणून.

तांब्या माझ्या हातात. पुतण्यानं माझ्या दंडाला धरलेलं. गाथा चालू. धार पडू लागली आणि मला आवाज ऐकू यायला लागला. एवढीशी वाटी ती, पण तोच आवाज. आधी जाड, मग बारीक. काठाला आली आणि माझा हात वर उचलला गेला. धार तुटली. मी काही ठरवून केलं नव्हतं.

भन्तेजींनी गाथा न थांबवता डोळ्यांनीच खुणावलं, सोडा, सोडा. पुतण्याला वाटलं काकांना भरून आलं, त्यानं दंड आणखी घट्ट धरला. मला रडू नव्हतं आलं. मला भीती वाटली होती. बावन्न वर्षांचा माणूस, स्वतः आजोबा झालेला, आणि पाठीमागून "पाणी सांडूलालंय, दिसत नाय का?" असं कुणीतरी ओरडणार म्हणून खांदे आवळून बसलेला. कुणी ओरडलं नाही. मी तांब्या पुन्हा कलता केला. पाणी काठावरून ताटात, ताटातून चादरीवर. तेव्हा कुठं मला कळलं, दादा गेला. स्मशानात कळलं नव्हतं.

त्यानंतर मनोगतं सुरू झाली. पहिल्या वक्त्यानं दादाला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातला सेनानी केलं. जेल भरोत तो गेला होता हे खरं. दोन रात्री आत होता आणि पुढं तीस वर्षं तिथल्या डाळीबद्दलच बोलत आला. दुसरा म्हणाला, ज्यानं हयातभर तहानलेल्यांना पाणी पाजलं त्याला आज आपण जलदान करतोय, हा चवदार तळ्याचाच वारसा आहे. वाक्य टाळ्यांचं होतं, प्रसंग पाहून लोकांनी आवरलं. मला राग आला. का, तर हे वाक्य मीच केलं असतं. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर नक्की केलं असतं.

आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं. आमची आजी गावच्या विहिरीपासून लांब, घागर खाली ठेवून उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतायचं, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभीच. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, आमच्या गावात ते वारं पोचायला फार वर्षं गेली. त्याच विहिरीत पुढं एका उन्हाळ्यात दादानं टँकर रिकामा केला. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "विहिरीत पाइप सोडला. लोकं म्हणली, आणखी एक खेप होईल का. हात कुणाचा हाय, कुणी इचारलं नाही." एवढंच. पुढं गाडीच्या टायरचं काहीतरी बोलायला लागला.

एकेक जण बोलत होता. ते शांत स्वभावाचे होते. ते मितभाषी होते. ते सर्वांना घेऊन चालणारे होते. माझ्या खिशात कागद होता, त्यावर मीही तेच लिहून आणलं होतं: ते, त्यांनी, त्यांचं. मोहरीची गोष्टही होती. माझं नाव पुकारलं. माईकसमोर गेलो, कागद उघडला आणि 'माझे बंधू' या शब्दांवर अडकलो. बंधू कोण? मी त्याला जन्मात बंधू म्हणलो नाही. ते म्हणलो नाही. तो दादा होता आणि तू होता. पुस्तकी मराठी मी शाळेत बोलतो, सभेत बोलतो. त्याच्याशी एकदा फोनवर चुकून बोललो तर म्हणाला, "शाळा सुटली न्हाई का तुझी अजून?"

त्या कागदातलं एक अक्षरही त्याच्यासाठी नव्हतं, सगळं समोर बसलेल्यांसाठी होतं. दुसऱ्यांच्या सभेत ते ठीकच आहे, तिथं बोलायचं असतंच जिवंत माणसांशी. इथं मला ज्याच्याशी बोलायचं होतं तो फोटोतून डोळे वटारून बघत होता. कागद घडी करून खिशात घातला. फोटोकडं तोंड केलं, म्हणजे लोकांकडं पाठ झाली, आणि म्हणालो:

"दादा, आज मी पाणी सांडलो. मुद्दाम सांडलो, भन्तेजी म्हणले म्हणून. तू असतास तर सगळ्यांदेखत मला बोलला असतास. जा तू आता, हिकडचं मी बघतो."

आणि बसलो. निवेदकाला वाटलं माईक बंद पडला, त्यानं दोनदा टकटक करून बघितलं. पाठीमागच्या रांगेतल्यांना तर काही ऐकूच गेलं नव्हतं. त्यांचाच हा प्रश्न पुढं सगळीकडं फिरला असावा.

ताटातलं पाणी पुतण्यानं दारातल्या कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन घातलं. सरणत्तयाची शेवटची गाथा झाली, जेवणं झाली, विहाराला दान दिलेल्यांची नावं वाचून झाली. संध्याकाळी मंडपवाला खुर्च्या मोजत होता तेव्हा वहिनी बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "भावजी, उद्या नळ यायचाय. टिपाड तेवढं धुऊन ठिवता का?"

टिपाड अर्धं भरलेलं होतं. आधी ते पाणी बादल्यांत काढून घेतलं. सात बादल्या निघाल्या.