व्हिएन्नात आईची ओढणी बांधली तेव्हा

व्हिएन्नाला जायचं ठरलं तेव्हा आईची मागणी एकच होती. "ऑपेरा ऐकायचा, बाकी तुला वाटेल ते दाखव." चांगल्या खुर्च्यांचे दर बघून मी गप्पच झाले. मग शोधताना कळलं, की व्हिएन्ना स्टेट ऑपेरात दर प्रयोगाला उभ्याने ऐकायच्या जागा असतात आणि त्यांचं तिकीट जवळपास कॉफी आणि केकच्या पैशांत मिळतं. आई ६४ वर्षांची, मोझार्टचा 'फिगारो' मध्यंतर धरून तीन तासांहून जास्त. तिला झेपेल का, हीच माझी काळजी. ती म्हणाली, "सवाईला थंडीत रात्र रात्र बसलोय गं आम्ही."

पहिल्या संध्याकाळी माझा अंदाज चुकला. सातचा प्रयोग, म्हणून आम्ही साडेसहाला पोचलो. खालच्या मजल्यावरच्या, म्हणजे पार्टरच्या उभ्या जागा कधीच संपल्या होत्या. वर गॅलरीत अगदी कडेला जागा मिळाली, तिथून निम्मा रंगमंच दिसतच नव्हता. मला फार वाईट वाटलं. आई मात्र डोळे मिटून ऐकत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "माइक नाही, काही नाही, एवढ्या वाद्यांच्या वरून त्या बाईचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला." एवढं बोलून ती हॉटेलपर्यंत गप्पच होती.

दुसऱ्या दिवशी 'फिगारो' होता. सकाळी सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत, डोमगासे ५ या पत्त्यावर गेलो. मोझार्ट १७८४ ते १७८७ या घरात राहिला आणि 'फिगारो' त्याने इथेच लिहिला. १ मे १७८६ला पहिला प्रयोग झाला तो जुन्या बुर्गथिएटरमध्ये. ते होतं मिखाएलरप्लात्झवर, या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. ते थिएटर आता नाही, पण आईला ती वाट चालायची होती. चाललो.

दुपारी मात्र तिला सक्तीने झोपवलं. साडेचारला कार्ल्सप्लात्झ स्टेशनवर उतरलो आणि ऑपेराच्या बाजूच्या रस्त्यावरच्या, ओपर्नगासेवरच्या दाराशी रांगेत लागलो. आमच्या पुढे वीसेक माणसं. कुणी पायरीवर बसून पुस्तक वाचतंय, कुणी डबा उघडलाय. खिडकी उघडते प्रयोगाच्या दीड तास आधीच्या सुमारास आणि एका माणसाला एकच तिकीट मिळतं. त्यामुळे एकाने रांग धरायची आणि दुसऱ्याने फिरून यायचं, हे इथे चालत नाही. आमच्या पुढच्या आजी कॉलेजात असल्यापासून इथे उभ्या राहून ऐकतात. त्यांनीच इंग्रजीत सांगितलं, "आत गेलात की आधी कापड बांधा."

कापड म्हणजे रुमाल, स्कार्फ, काहीही. पार्टरची उभी जागा खुर्च्यांच्या मागे, मधल्या बॉक्सच्या बरोबर खाली आहे. समोर कठडे असतात. कठड्याला कापड बांधलं की ती जागा आपली. मग खुशाल बाहेर जा, कोट क्लोकरूममध्ये द्या, पाणी पिऊन या. कुणी त्या जागेला हात लावत नाही. आईने गळ्यातली ओढणी काढली आणि दुहेरी गाठ मारली. कठड्यावरच्या स्कार्फांच्या रांगेत आमची ती बांधणीची लाल ओढणी!

वेळ होता म्हणून आम्ही जिन्यापाशी गेलो. ही वास्तू १८६९ची. १२ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळाले, दर्शनी भाग आणि हा भव्य जिना वाचला. पुन्हा दार उघडलं ५ नोव्हेंबर १९५५ला, बेथोव्हेनच्या 'फिदेलिओ' या ऑपेराने. आईने जिन्याच्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

आमच्या जागेपाशी छोटा पडदा होता, त्यावर संवाद इंग्रजीत येत होते. पण आईने तिकडे फारसं बघितलंच नाही. तिसऱ्या अंकात काउंटेस, म्हणजे काउंट या उमरावाची बायको, एकटी उभी राहून हरवलेलं प्रेम आठवते. ते पद संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि आईचा हात वर गेला. संगीत नाटकांवर वाढलेली ती, 'वन्समोर' तिच्या ओठांवरच होता. तिने तो गिळला आणि मग सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिली.

पाय दुखत होते, तिचे आणि माझेही. मध्यंतरात ती पायरीवर बसली, मी तिच्या पोटऱ्या दाबल्या. उत्तरार्धात ती कठड्यावर कोपरं टेकून उभी होती. शेवटी काउंट सगळ्यांसमोर बायकोची क्षमा मागतो. किती साधे सूर आहेत ते! सगळं सभागृह स्तब्ध होतं. मी आईकडे पाहिलं. ती रडत होती आणि डोळे पुसायला हात गळ्याशी गेला, तर तिथे ओढणी नव्हती. मी कठड्यावरची गाठ सोडायला लागले. तिने माझा हात धरला. "राहू दे," म्हणाली, "पडदा पडू दे आधी."